तुमचा रविवार, आमचा सोमवार

चर्चचा पाळक होण्याआधी मी रस्त्याच्या एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळत होतो. सिमेंट, डिझेल, फावडी, पाट्या, गमबूट. काय आलं, काय गेलं, काय परत यायचं राहिलं. ते काम मला आवडायचं आणि सोडायचा विचारही नव्हता. रविवारी मात्र मी रामनगरच्या आमच्या म्हाताऱ्या पाळकांना मोटरसायकलवर मागे बसवून जंगलातल्या वाड्यांवर न्यायचो. त्यांचे गुडघे गेले होते, आणि मंडळीत ज्याच्याकडे गाडीही आहे आणि रविवारची सकाळही मोकळी आहे असा मी एकटाच होतो.

दिग्गीच्या वाटेवर एक चढ आहे. तिथं गाडी तापायची म्हणून आम्ही थांबायचो. एकदा तिथंच ते म्हणाले, "माझ्यानंतर तू ये."

"मला बोलता येत नाही. मी स्टोअरचा माणूस."

"येशूफुडं पाच हजार माणसं माळावर जेवाय बसली तवा पन्नास-पन्नासांच्या पंगती कुणी लावल्या? उरलेल्या टोपल्या कुणी मोजल्या? बोलणारा एकच होता. बाकी समदे स्टोअरचेच."

मी हसलो आणि गाडीला किक मारली. पण त्यानंतर गमबूट मोजताना मला त्या पंगती दिसायला लागल्या. कुणीतरी गवतातून फिरलं असेल, तुम्ही इकडे सरका, तुम्ही तिकडे बसा, म्हणालं असेल. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला कुठला आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडलं नाही. एक काम दिसलं आणि ते करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती शिलाई मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही. म्हणाली, "शिकायला जाल तितके दिवस हे मशीन घर चालवंल. पण परत आल्यावर बेळगावात बसायचं न्हाई. वाड्यांवर जायचं असंल तरच जावा."

शिक्षण झालं. बेळगावच्या एका मोठ्या मंडळीत मदतनीस म्हणून जागा निघाली होती, ती नको म्हणालो आणि वाड्या मागून घेतल्या.

त्यातल्या सगळ्यात आतल्या वाडीत आमची मोजकी घरं होती. त्यांचे आजे जंगलतोडीच्या कामाला आले, काम संपल्यावर तिथंच राहिले, थोडी थोडी खाचरं मिळवली. आता बहुतेक घरांत म्हातारी माणसंच होती, शेतं दुसऱ्यांना कसायला दिलेली. पोरं गोव्याला. एकच घर तरुण होतं. तो आईबरोबर गोव्यात वाढला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला लागला, आणि बाप वारल्यावर बायको आणि लहान मुलीला घेऊन बापाचं शेत करायला परत आला. वर्षभर बघू, जमलं तर राहू, नाहीतर परत जाऊ, असं त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

आमच्या वरिष्ठांनीही मला पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सांगितली होती. हे तरुण घर गेलं तर त्या वाडीतली उपासना बंद करायची आणि म्हाताऱ्यांना महिन्यातून एकदा गाडी पाठवून रामनगरला आणायचं. सोपं आणि स्वस्त. पण मी स्टोअर सांभाळलेला माणूस आहे. गाडीतून माणसं आणता येतात, वाडी आणता येत नाही. म्हणून माझ्या यादीत त्या वर्षी पहिलं काम एकच होतं. हे घर टिकलं पाहिजे.

ते टिकणं भातावर होतं, आणि भात सावडीवर.

आमच्या भागात लावणी पगारावर होत नाही. आज सगळी वाडी तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. घेतलेला दिवस फेडायचा. यालाच सावड म्हणतात. कुणाच्या शेतात आधी, कुणाच्या नंतर, ही पाळी पेरणी झाल्यावर देवराईत ठरते. प्रत्येक घराचा एक नारळ जातो, गावचा म्हातारा कारभारी गाऱ्हाणं घालतो आणि तिथंच पाळी सांगतो. या कारभाऱ्याला इकडे बुधवंत म्हणतात. आमचा तरुण शेतकरी त्या दिवशी घरातच बसला. नारळ फोडणं आपल्याला जमणार नाही, मग जायचं कशाला, असा त्याचा विचार. त्यामुळं पाळीत त्याचं घर आलं नाही.

हे मला कळलं तेव्हा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, वीतभर झाली होती. मी घाबरलो नाही. माणसं नाहीत ना, माणसं आणू. रामनगरच्या मंडळीतली तरुण मुलं-मुली गोळा केली, टेंपो ठरवला, पॉवर टिलर भाड्यानं घेतला, चहा-साखर, डबे, प्लास्टिकच्या खोळी, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुडी, सगळं बांधलं. दिवस कुठला? रविवारी उपासना. शनिवारी अर्ध्यांची कामं. सोमवारी सुट्टी होती. सोमवार ठरवला.

दिवस छान गेला. वरची खाचरं दुपारपर्यंत लावून झाली. खालच्या खाचरांत मात्र टिलर रुतला. तिथं चिखल इतका खोल की बैलच पाहिजेत. दोराला धरून टिलर वर काढला, उरलेला तरवा तसाच ठेवला आणि गाणी म्हणत परत निघालो. येताना एक गोष्ट माझ्या नजरेत आली. साऱ्या मळ्यात आमच्याशिवाय एकही माणूस नव्हता. आज सगळे कुठे लग्नाबिग्नाला गेले असतील, असं मला वाटलं.

खालच्या खाचरांसाठी बैल मागायला आमचा शेतकरी दुसऱ्या दिवशी बुधवंताकडे गेला. बैल मिळाले नाहीत. शेजारच्या घरी गेला. तिथंही नाहीत. दुकानात बसलेली माणसं तो आला की उठायला लागली. त्यानं मला फोन केला.

"पास्टर, हॉटेलचा मालक अजून बोलवायलाय. सीझनच्या आधी ये म्हणतोय. मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. मी येतोय."

वाडीत पोचल्यावर आधी मी आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे गेलो. सगळी तिला अक्का म्हणतात. त्या सोमवारी ती बाहेर दिसली नव्हती, बरं नसेल असं आम्ही धरून चाललो होतो.

"मला काय झालंय? सोमवार हुता म्हणून घरात बसले."

"सोमवारी काय?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीत सरळ झालो. "सोमवारी हितं बैल जुपत न्हाईत पास्टर. नांगर न्हाई, चिखल न्हाई, लावणी न्हाई. बैलांचा वार. माझा बा पण पाळायचा. तुम्ही मळ्यात इंजिन फिरवून गाणी म्हणून गेलासा."

"मग तू सांगायचं नाहीस?"

"कुणी इचारलं?"

मी रामनगरचा. आमचं घर सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हापासून आमचा शेताशी संबंध सुटला. आमचा शेतकरी गोव्याचा. टेंपोतली मुलं बाजारपेठेतली. वार पाळतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच नव्हतं. चूक समजली, आता पुढचं काम. मी तसाच बुधवंताकडे गेलो.

तो पडवीत दोर वळत बसला होता. सुनेनं पाणी आणून दिलं. पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात, तो दिला नाही. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "अज्जा, सोमवारचं आम्हाला ठाऊक नव्हतं. चुकलं."

"चुकलं न्हवं, मोडलं. चुकतंय ते एकाचं. तुम्ही टेंपो भरून आलासा."

"ते खरं."

"बरं, ती माणसं आली, लावून गेली. त्यांचा दिवस फेडणार कोण?"

"फेडायचं काय? ती सेवा म्हणून आली होती."

त्यानं दोर खाली ठेवला. "म्हंजे भीक झाली. वाडी जित्ती असताना आमच्या वाडीतल्या घरानं भाईरनं भीक आणली. आम्ही काय मेलोय? त्यो देवराईत आला न्हाई, मला त्याचं काय वाटलं न्हाई, तुमचा देव येगळा. पण लांब उभं ऱ्हाऊन 'माझं असं हाय' म्हणाय काय जातंय? तोंडच दावलं न्हाई."

"नारळाशिवाय सावड होत नाही ना, अज्जा?"

"नारळ कशाला असतोय सांगा बघू."

"देवाला."

"देवाला हायच. पर देवाफुडं बोललं म्हंजे उद्या पोटात दुखतंय म्हणून घरात निजता येत न्हाई. त्याच्यासाठी असतोय. तुमच्यात असलं काय हाय?"

त्या क्षणी मला काय करायचं ते कळलं. मी म्हणालो, "आमच्यात व्हय म्हणजे व्हय आणि न्हाई म्हणजे न्हाई, एवढंच आहे. मी शब्द देतो. उद्यापासून आमच्या घरांतली चालती माणसं, मी आणि माझी बायको, वाडीच्या सगळ्या खाचरांत आधी येतो. आमची पाळी शेवटी. सोमवारी आमच्यातला कुणी चिखलात पाय घालणार नाही. पण रविवारी आम्ही येणार नाही, तो आमचा वार."

"रविवार?"

"तुमचा सोमवार तसा आमचा रविवार."

म्हाताऱ्यानं दोर परत हातात घेतला. मग म्हणाला, "मग हे आदी सांगायचं की. वार पाळणारं घर हाय म्हणून कळलं असतं तर मी पाळी तशी लावली असती. आमाला वाटलं, ही वार न पाळणारी माणसं." आणि त्यानं विचारलं, "तुमाला लावणी येती काय?"

"नाही."

"मग आदी येतो म्हणतासा कशाच्या जोरावर?"

"बायकोला येते. ती खानापूरकडची."

म्हातारा पहिल्यांदा हसला.

सगळ्यात मोठा विरोध घरातूनच आला, म्हणजे ज्याच्यासाठी हे करत होतो त्याच्याकडून. "आठवड्यातले दोन दिवस बसून? पाळी शेवटी? पास्टर, तरवा म्हातारा होईल. ह्यांच्या बैलांचा वार आपण का पाळायचा?"

"देवानं दिलेल्या आज्ञेत विसावा फक्त माणसाला नाही, बैलालाही आहे. तेवढं ह्यांनी आपल्यापेक्षा चांगलं लक्षात ठेवलंय."

"आणि तरवा गेला तर?"

त्याला खोटा धीर द्यायचा नव्हता. म्हणालो, "गेला तर गेला. पण परकी माणसं आणून लावलेलं शेत घेऊन तू इथं एकटा राहू शकणार नाहीस. पुढच्या वर्षी मी टेंपो कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो माझ्या आधी मळ्यात होता.

मी आणि बायको उजाडायच्या आत रामनगरहून निघायचो. मी घरातली कामं वाटून टाकली. आजाऱ्यांच्या भेटी संध्याकाळी, रविवारच्या संदेशाची तयारी गाडी चालवताना डोक्यात, मशीनवरची राहिलेली शिवणं बायकोच्या बहिणीकडे. लावणीत माणूस मागे सरकत जातो, हे मला पहिल्या दिवशी कळलं. मी पुढे जात होतो आणि लावलेली रोपं स्वतःच तुडवत होतो. बायको ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाली, "अहो, मागं. मागं या." अक्का बांधावर बसून तरव्याच्या मुठी फेकत होती. "मागं बघा पास्टर," ती ओरडली, "मिठाचा खांब काय हुत न्हाई." आमच्या घरांतली माणसं हसली. बाकीच्या बायकांना ते कळलं नाही, म्हणून तिनं तिथंच लोटाच्या बायकोची सगळी गोष्ट सांगितली. जळत्या गावाकडं मागं वळून बघितलं म्हणून मिठाचा खांब झाली, हे ऐकून शेजारची एक बाई म्हणाली, "आगीत गेलेलं घर कोण बघणार न्हाई ओ? बाईमाणूस हाय, बघणारच." पुढच्या कितीतरी दिवसांत मी एवढं चांगलं विवेचन ऐकलं नाही.

कंबर धरली. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. माझी ओळ वाकडी यायची, बायका त्याला 'पाद्रीसायबाची वाट' म्हणायच्या आणि दुसऱ्या कुणाची ओळ वाकडी आली की त्यालाही तेच नाव द्यायच्या. पण रोज आम्ही होतो. तेवढंच ठरलेलं होतं. बुधवंत सकाळी बांधावरून एक नजर फिरवायचा आणि काही न बोलता बैलांकडे जायचा. दुपारी ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. पहिले काही दिवस आमची माणसं बांधाच्या एका टोकाला बसायची, मग कधी मधे बसायला लागली ते माझ्याही लक्षात आलं नाही.

एकेक घर करत पाळी आमच्यापर्यंत आली. शनिवारी आमची खालची खाचरं लावायची असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी बैलांनी चिखलणी झाली, तरवा उपटून मुठी बांधायच्या बाकी होत्या. शनिवारी पहाटेपासून असा पाऊस लागला की समोरचा माणूस दिसेना. ओढा बांधावरून वाहायला लागला. सगळे दुपारपर्यंत पडव्यांत वाट बघत थांबले आणि मग आपापल्या घरी गेले. मी वार मोजले. उद्या रविवार. परवा सोमवार. म्हणजे मंगळवार. तरवा आधीच उंच झाला होता, त्याच्या काड्या खाली गाठी धरायला लागल्या होत्या. गाठी धरलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. हे आता मलाही कळत होतं.

रविवारी उघडलं. आमची उपासना त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत असते. शेवटची प्रार्थना झाली तेव्हा बुधवंत अंगणात उभा होता. आत आला नाही. आम्ही बाहेर आलो.

"पाद्रीसायब, ऊन पडलंय. समदी घरं मोकळी हाईत. आज लावून टाकू म्हणत्यात. उद्या आमचा वार, परवापातूर तरवा बाद हुईल."

वाडीतली माणसं आपण होऊन यायला तयार होती. चार आठवड्यांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. आमचा शेतकरी माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "पास्टर, प्रभू समजून घेईल."

"प्रभू घेईल. अज्जांच्या वाडीला मी काय सांगू? आमचा वार असतो, पण अडचण आली की नसतो?"

मी पुढे म्हणालो, "माझं मत मंगळवार. पण शेत माझं नाही. माझं घर शिलाई मशीनवर चालतं, तुमचं ह्या भातावर. तुम्ही दोघं ठरवा. आज लावायचं म्हणालात तर मी पण येतो चिखलात, आणि कुणाला बोल लावणार नाही."

मी हे मनापासून म्हणालो. त्यानं बायकोकडे बघितलं. ती मुलीला काखेत घेऊन दारात उभी होती. आतापर्यंत ती वाडीत फारशी बोललेली नव्हती, तिची बोली गोव्याची आणि बायका तिच्या बोलण्यावर हसतील असं तिला वाटायचं. ती बुधवंताला म्हणाली, "अज्जा, तुमच्या सगळ्यांच्या पाळीला आम्ही रविवार सोडून आलो. आता आमच्या पाळीला रविवार कसा धरायचा? मंगळवारी या. जेवण मी करते. माशाचं करते, चालेल ना?"

"पावसात मासं कुठनं आणशील?"

"सुके आहेत. गोव्याहून आणलेले."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि वळून गेला. तो खूश झाला की नाराज, ते त्याच्या पाठीवरून कळलं नाही.

ते दोन दिवस मी अवघडलेलाच होतो. सोमवारी रामनगरला घरी बसून मी कपाटं आवरली, गाडीची चेन साफ केली, पुढच्या महिन्याच्या भेटी ठरवल्या. मंगळवारी कुणी आलं नाही तर काय, याचंही उत्तर तयार ठेवलं. आम्ही आमच्याच माणसांनी लावायचं, जेवढं होईल तेवढं. टेंपो नाही.

मंगळवारी आम्ही पोचलो तेव्हा तरवा उपटून मुठी बांधून झाल्या होत्या. ज्यांची खाचरं कधीच लावून संपली होती ती घरंही आली होती. बुधवंताची सून ओळ सांभाळत होती आणि सगळ्यांना ओरडून सांगत होती, "तरवा जुना हाय, चार-चार काड्या लावा, जवळजवळ लावा. पाद्रीसायबास्नी मधी घालू नकासा, कडंला घाला." मी कडेला लावलं. दुपारच्या आत खालची खाचरं हिरवी झाली. आमच्या शेतकऱ्याची बायको मोठं पातेलं घेऊन आली, आणि सुक्या मासळीची कढी तुम्ही कशी करता म्हणून बायका तिच्याभोवती बसल्या. तिच्या बोलीवर त्या हसल्याच. तीही हसली.

त्या जुन्या तरव्याच्या खाचरांत भात वरच्यापेक्षा पातळच आलं, ते मान्य केलं पाहिजे. पण वर्षाला पुरलं. हॉटेलच्या मालकाचा फोन आला तेव्हा आमचा शेतकरी खळ्यावर होता. त्यानं मळणी चालू आहे, नंतर बोलतो, म्हणून सांगितलं, आणि नंतर केला नाही. वरिष्ठांच्या बैठकीत त्या वाडीचा विषय निघाला, तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं की घर आहे, उपासना चालू राहील.

यंदा पेरणी झाल्यावर बुधवंतानं निरोप पाठवला. नारळ आणू नका, पण या. मी आणि आमचा शेतकरी गेलो, देवराईच्या बाहेर, वाटेवर उभे राहिलो. आत गाऱ्हाणं झालं. मग म्हातारा बाहेर आला, सगळी वाडी जमली आणि तो पाळी सांगायला लागला. आमच्या शेतकऱ्याचं घर तिसरं आलं. माझ्या शेजारी तो नुसता मान हलवत राहिला.

"तुमचा रविवार सोडून धरलंय," म्हातारा मला म्हणाला. "चार आठवड्यांनी तरवा हुईल, त्या गुरुवारपासनं चालू. याल न्हवं?"

त्याच गुरुवारी बेळगावला पाळकांची सभा होती. मी व्हय म्हणालो, आणि सभेला येता येणार नाही म्हणून तिथूनच फोन लावला.